दार बंद आहे म्हणणारी किल्ली

झेंडू मला आवडत नाही, हे दसऱ्याच्या तोंडावर कुणाला सांगायची सोय नाही. मोशीच्या चौकात टेम्पो उभे राहतात, ताडपत्री बाजूला होते, केशरी-पिवळा ढीग उन्हात उघडा पडतो आणि शेजारपाजारचे सगळे पिशव्या घेऊन धावतात. मीही जाते. घासाघीस करते, फुलवाल्याच्या तराजूवर संशय घेते, घरी येऊन हार ओवायला बसते. फक्त ओवताना माझं लक्ष फुलांकडं नसतं. ते सुई धरलेल्या माझ्या हाताकडं असतं आणि मग सचिनच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, हाताकडं. तो सोफ्यावर मोबाइल बघत पडलेला असतो आणि मी इथून त्याची बोटं मोजते. त्याला ते कळतं. पूर्वी चिडायचा. आता नुसता पंजा उघडून वर धरतो आणि पुन्हा मोबाइलमध्ये तोंड घालतो.

या दिवसांची आमच्या भागात एक वेगळीच तऱ्हा असते. पाऊस नावाला गेलेला असतो, पण दुपारी आभाळ पुन्हा भरून येतं आणि न पडताच निघून जातं. मागं उरतं ते नुसतं उकडणं. कांदाचाळीत साठवलेला जुना कांदा चाकणच्या मार्केटला निघतो आणि त्यातल्या नासक्या कांद्याचा वास ट्रकच्या मागोमाग रस्ताभर येतो. इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगतो. लांबून छान दिसतो, पुलावर गेलं की नाकाला पदर लावावा लागतो. आणि कंपन्यांना घाई सुटलेली असते. दिवाळीत गाड्या विकायच्या तर त्या आधी जोडाव्या लागतात, जोडायच्या तर सुटे भाग त्याच्याही आधी लागतात, म्हणून सगळ्या पट्ट्याचं टार्गेट नेमकं याच दिवसांत वाढतं. ओव्हरटाइमच्या बसेस गच्च भरून जातात आणि त्यातून उतरणारी माणसं डोळे उघडे ठेवून झोपलेली असतात.

मी इथल्याच एका मेडिकलच्या काउंटरवर उभी असते. कुठल्या कंपनीची शिफ्ट सुटली हे मला घड्याळ न बघता कळतं, कारण काउंटरवर हात यायला लागतात. चिंध्यांत गुंडाळलेला अंगठा येतो, रुमाल बांधलेली दोन बोटं येतात. त्या हातांचे मालक कसं लागलं ते सांगत नाहीत. विचारलं तर "लागलं थोडं, ताई, चांगली पट्टी द्या" एवढंच. एरवीच्या महिन्यांत असे हात अधूनमधून येतात. झेंडूच्या दिवसांत ते रोज येतात. त्यामुळं माणसाच्या तोंडाआधी हात बघायची मला खोडच लागली आहे.

पण त्या हंगामात, ज्याच्याबद्दल मला बोलायचं आहे, आम्ही फार मजेत होतो. खोटं कशाला बोलू? इतकं हसू आमच्या घरात त्याआधी नव्हतं आणि नंतरही आलं नाही.

आमच्या मजल्यावर मेघना राहते. ती आयटीत आहे, घरून काम करते, तिच्या ऑफिसातल्या कुणीतरी तिला तो खेळ शिकवला आणि तिनं तो आमच्या जेवणाच्या टेबलावर आणून मांडला. सांगायला सोपा आहे. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. कुणी जादूगार, कुणी चोर, कुणी तलवारवाला. समोर गुहा आली, राक्षस आला, तर काय करायचं ते आपण ठरवायचं आणि ते जमलं की नाही हे वीस बाजूंच्या फाशानं. मला वाटलं होतं, मोठ्या माणसांचा हा काय पोरकटपणा! दुसऱ्या गुरुवारी मी दुकानातून लवकर निघण्यासाठी मालकाला पोट दुखतंय म्हणून सांगितलं.

गुरुवार, कारण इथल्या बऱ्याच कंपन्यांची सुट्टी गुरुवारी असते. जगाचा रविवार येतो तेव्हा आमच्याकडं डबे भरायची घाई चाललेली असते.

गोष्ट सांगायचं काम बापूंकडं होतं. बापू सचिनचे मित्र, चाकणच्या पलीकडल्या गावचे. घरची निम्मी जमीन एका कंपनीखाली गेली, उरलेलीत अजून कांदा करतात आणि दुसऱ्या एका कंपनीत फोर्कलिफ्ट चालवतात. त्यांच्या गोष्टीतल्या राक्षसांनाही भावकी असायची आणि बांधावरून भांडणं असायची. मेघनानं आणलेल्या पुस्तकातल्या तयार जादूच्या वस्तू मात्र बापूंना अजिबात पसंत नव्हत्या. आगीची तलवार आणि अदृश्य होण्याची शाल कुणीपण आणतंय म्हणायचे, आपलं कायतरी काढा. त्यातून आमचा नियम पडला. दर गुरुवारी प्रत्येकानं एक जादूची वस्तू स्वतः शोधून आणायची. वस्तूचा गुण आणणाऱ्यानं सांगायचा. तिची खोट मात्र त्याच्या डाव्या हाताला बसलेल्यानं लावायची, आणि एकदा खोट लावली की ती मागं घेता येणार नाही.

अहो, आठवडाभर माझ्या डोक्यात दुसरं काही नसायचं. गोळ्यांची पाकिटं लावता लावता मी वस्तू शोधायची. मी एक शिट्टी काढली होती, ती वाजवली की कंपनीची बस हजर. मेघनानं तिला खोट लावली की बस येईल, पण तुमच्या सीटवर पुढच्या शिफ्टचा माणूस घोरत असेल. मेघनाच्या घड्याळामुळं कुणालाच कधी उशीर व्हायचा नाही, पण तुमचा वाचलेला उशीर शेजाऱ्याच्या घरी जाऊन बसायचा. बापूंचा कांदा होता. तो चिरला की खोलीत जो खोटं बोलत असेल त्याच्या डोळ्यांत पाणी. सचिननं लगेच सांगितलं की चिरणारा आधी रडणार, त्यामुळं कुणालाच काही कळणार नाही. आणि सचिनचा डबा तर मी विसरूच शकत नाही. दिवसभर जेवण गरम ठेवणारा डबा. त्याच्या डाव्या हाताला मी बसायची, म्हणून खोट मी लावली: ज्या घरात तो डबा असेल तिथलं भांडणही गार होणार नाही. बापू इतके हसले की त्यांना ठसका लागला.

सगळ्यांत चांगल्या वस्तू सचिनच आणायचा. तो चाकणमध्ये सुट्या भागांच्या एका कंपनीत प्रेसवर होता. प्रेस म्हणजे वरून लोखंडी ठोकळा उतरतो आणि खालच्या साच्यावर पत्र्याला दाबून आकार देतो, तेच दिवसभर. मला वाटायचं, एवढ्या एकसुरी कामात याला सुचतं तरी कुठून. तो म्हणायचा, हात चालू असतात, डोकं मोकळंच असतं.

मग भाद्रपद लागला, टार्गेट वाढलं आणि त्याच्या वस्तू बदलल्या. एका गुरुवारी त्यानं हातमोजा आणला, चारच बोटांचा. जो घालेल त्याला माणसाच्या हाताला पाच बोटं असतात हेच आठवणार नाही, हा त्याचा गुण. मेघनानं टाळी वाजवली. पुढच्या गुरुवारी अंगठी आणली, ती नसलेल्या बोटात बसायची. त्याच्या पुढच्या वेळी एक आरसा, त्यात तोंड दिसायचं नाही, नुसते हात दिसायचे आणि तेही उद्याचे. बापूंनी आरसा गोष्टीत घेतला, खेळ पुढं गेला. माझं मात्र हसू हळूहळू आटत चाललं होतं. मी दिवसभर हात बघणारी बाई. बाकीच्यांना ज्यात गंमत दिसत होती, त्यात मला दुकानाचा काउंटर दिसत होता.

रात्री जेवताना मी विचारलं, कामावर काही आहे का? तो म्हणाला, काही नाही. पुन्हा विचारलं तर म्हणाला, "ज्योती, गेम आहे तो. सगळ्यात आजार कशाला शोधतेस?" मला ते पटलं नव्हतं. त्या दिवसांत तो घरी आला की आधी हात धुवायचा आणि मी मोरीच्या दारात उभी राहून ते धुतलेले हात बघायची. उन्हं कलती व्हायला लागली होती, चौकात झेंडूचा पहिला टेम्पो आला होता आणि माझ्या छातीत काहीतरी दडपून बसलं होतं. नाव देता येत नव्हतं, म्हणून मी त्याला उकाडा म्हणत होते.

नवरात्र बसल्यानंतरच्या गुरुवारी सचिननं खिशातून एक पुठ्ठ्याचा तुकडा काढला. माझ्याच दुकानातल्या औषधाच्या खोक्याचा. तो त्यानं कात्रीनं नीट कापून आणला होता, बोटभर लांब, पुढं वाकवलेली चपटी जीभ आणि मधे एक भोक. टेबलावर ठेवून म्हणाला, ही किल्ली. कुठल्याही उघड्या दाराजवळ धरली की दार स्वतःच म्हणतं, मी बंद आहे. पहारेकरी असो, राजा असो, ज्याला दारानं सांगितलं त्याला ते पटतं.

मेघनाला फार आवडली. बापूंनी मात्र तो पुठ्ठा उचलला, उलटा केला, सुलटा केला आणि सचिनकडं बघितलं.

"ही डमी हाय राव," ते म्हणाले.

मला काय कळणार? मी विचारलं, डमी म्हणजे काय? सचिन फासा बोटांत फिरवत राहिला. बापूंनीच सांगितलं. "प्रेसला जाळीचं दार असतंय, वैनी. दार लावलं की दाराची जीभ खाचंत जाती, मगच वरचा ठोकळा खाली येतो. म्हंजी माणसाचा हात आत न्हाई ह्याची खात्री. पर दर पीसला दार उघडा, लावा, ह्यात येळ जातो. म्हनून ही सुटी जीभ खाचंत घालून ठेवायची. दार सताड उघडं, आन मशीनला वाटतंय लागलंय."

मेघनानं हातातला चहाचा कप खाली ठेवला. मी सचिनला विचारलं की तू वापरतोस का ही. तो म्हणाला, सगळेच वापरतात. टार्गेट काय दार लावत बसून होतंय? सुपरवायझरच सकाळी हातात देतो. आणि मग, जरा हसून, जणू विषय संपवायला, म्हणाला, "चल, डाव्या हाताला तू आहेस. खोट लाव."

मला राग आला होता. नुसता राग नाही, इतकी भीती वाटत होती की ती रागासारखी बाहेर आली. मी म्हणाले, "ही किल्ली जो वापरेल, त्याच्या घरच्या माणसाला ते दार दिवसभर उघडं दिसेल."

बापूंनी मान हलवली. त्या दिवशी खेळ पुढं सरकला नाही. मेघना काम आहे म्हणून उठली, बापूंनी फासे डबीत भरले. आणि खोट खरंच लागली. कप घासताना, गिऱ्हाइकाला सुटे पैसे देताना, बसस्टॉपवर, मला ते दार दिसत राहिलं. मी ते प्रेस कधी पाहिलंही नव्हतं. जाळी कशी असते, कुठल्या बाजूला सरकते, काही माहीत नव्हतं. तरी उघडं दार दिसायचं आणि त्यातून आत गेलेला एक हात. तो आमच्या लग्नात माझ्या हातात दिलेला हात होता. मी सचिनला म्हणाले, नको वापरू. तो म्हणाला, दिवाळीपर्यंतच गं. त्यानंतर दोन दिवस आम्ही धड बोललो नाही.

खंडेनवमीला आमच्याकडं यंत्रांची पूजा असते, हे इथं कुणाला सांगायला नको. शेतकरी नांगर-विळे पुजतो, सुतार करवत पुजतो, कंपनीत मशीन पुजतात. त्या वर्षी सचिनच्या कंपनीनं घरच्यांनाही बोलावलं होतं. बायका काठपदराच्या साड्या नेसून, पोरांना नवे कपडे घालून बसमधून गेल्या. मीही गेले. मनात म्हटलं, ते दार एकदा डोळ्यांनी बघून तरी घेऊ.

शेड धुऊन पुसून लख्ख केली होती. एरवी तिथं किती आवाज असेल कोण जाणे. त्या दिवशी सगळं बंद होतं आणि उंच पत्र्याखाली पोरांचे आवाज घुमत होते. तेलाचा वास, उदबत्तीचा वास आणि वर झेंडू. प्रत्येक मशीनला हार, प्रत्येक मशीनवर कुंकवाचं स्वस्तिक. सचिनचं प्रेस मधोमध होतं, माझ्या दुप्पट उंच, हिरव्या रंगाचं. पाटावर नटबोल्टचे पाने, हातोड्या, मापं मांडून पूजा केली होती. आणि त्यांच्या शेजारी, तशीच हळदीकुंकू लावलेली, वर एक पाकळी ठेवलेली, एक लोखंडी जीभ होती. बोटभर लांब, पुढं वाकवलेली, मधे भोक. कुणीतरी तिलाही हत्यार म्हणून पुजलं होतं. नवल कशाचं? ती त्यांच्या रोजच्या हातातलीच होती.

पुढं जे झालं ते कुणी मुद्दाम केलं नाही, हे मी आजही म्हणेन. मुहूर्ताला मशीन एकदा रिकामं चालवायची तिथं पद्धत आहे. मोठे साहेब हिरवं बटण दाबणार, ठोकळा एकदा खाली येऊन वर जाणार, मग टाळ्या आणि पेढे. पण दार लावलं तर जाळीतून पाहुण्यांना आतलं नीट दिसणार नाही. म्हणून सुपरवायझरनं पाटावरची ती जीभ उचलली, कुंकवासकट, आणि खाचेत घातली. दार उघडंच राहिलं, मोटर सुरू झाली. त्यानंतर कुणाला तरी आठवलं की साच्यावर हळदीकुंकू वाहायचं राहिलंय, आणि ते घरच्या लक्ष्मीच्या हातून व्हावं. ऑपरेटरची बायको म्हणून सगळ्यांनी मलाच पुढं केलं.

मी ताम्हन घेतलं. वाकले. साचा जरा आत होता, म्हणून हात कोपरापर्यंत आत घातला. लोखंड गार होतं आणि खालून बारीक थरथर येत होती. शेजारी साहेब उभे होते. फोटो काढणारा म्हणाला, साहेब, तुम्ही बटणावर बोट ठेवा, वहिनींचा हात आणि तुमचा हात एकाच फोटोत येऊ दे. साहेबांनी बोट ठेवलं. ते भले गृहस्थ होते, हसत होते. आणि मी, जी आठवडाभर ते दार उघडं बघत होते, मी त्या दारातून हात आत घालून फूल कुठं ठेवावं याचा विचार करत होते. मला स्वतःची भीती वाटली नाही, हे मला अजून समजलेलं नाही. इतकी माणसं भोवती असली, उदबत्ती असली, की उघडं दार आपल्यालाही बंद वाटतं.

सचिन शेजारीच, बटणांच्या पॅनेलपाशी उभा होता. मी त्याचा चेहरा पाहिला नाही, नंतर बायकांनी सांगितला. त्यानं लाल बटणावर हाताचा पंजा मारला आणि दुसऱ्या हातानं माझा दंड धरून मला मागं ओढलं. मोटर उसासा टाकून बसली. ताम्हन सिमेंटवर आपटलं, माझ्या हिरव्या बांगड्या दाराच्या चौकटीवर फुटल्या, मनगटावर रक्त आलं. एक लहान मूल रडायला लागलं.

साहेब गोंधळले. त्यांना काही कळलंच नव्हतं. सुपरवायझर मात्र पांढरा पडला आणि मग लाल झाला. लोक काय बोलले? मुहूर्ताला मशीन बंद पडलं, हे बोलले. सवाष्णीच्या बांगड्या फुटल्या, हे बोलले. दुसरा नारळ आणून फोडला, मला बाजूला बसवून पाणी दिलं, आणि मशीन पुन्हा सुरू करून साहेबांनी बटण दाबलं. ठोकळा खाली आला तेव्हा मी बघत होते. तो हळू येत नाही. माझं फूल आतच राहिलं होतं, वर गेल्यावर साच्यावर नुसता केशरी डाग होता. दार तेव्हाही उघडंच होतं.

बसमध्ये सचिन माझ्या शेजारी बसला आणि घर येईपर्यंत त्याचे हात कापत होते. तेच हात महिनाभर रोज त्या दारातून आत-बाहेर करत होते, तेव्हा ते कापले नव्हते. त्याला आरसा सुचला, हातमोजा सुचला, अंगठी सुचली. मनाच्या तळाशी त्याला सगळं माहीत होतं. पण भीती कळायला माझा हात आत जावा लागला. मी यावर पुष्कळ विचार केलाय आणि मला ते चांगलं वाटत नाही. स्वतःच्या हाताला माणूस एवढा परका कसा होतो?

दसऱ्यानंतर तो कामावर गेला आणि डमी घालून प्रेस चालवणार नाही म्हणाला. कुणी वाद घातला नाही. त्याला पॅकिंगला टाकलं. तिथं ओव्हरटाइम नाही, पण पुठ्ठ्यानं कापण्यापलीकडं हाताला काही होत नाही. कंपनीनं त्या प्रसंगाचा एकच धडा घेतला. पुढच्या वर्षीपासून पूजेला घरच्यांना बोलावणं बंद झालं.

आमचा गुरुवारचा खेळ अजून आहे. बापू गोष्ट सांगतात, मेघना फासे आणते. सचिन खेळतो, पण वस्तू आणत नाही. त्याची पाळी आली की म्हणतो, नाही सुचलं. आम्ही पुढं जातो.

त्याच्या जागी प्रेसवर किरण आला. चोवीस-पंचवीसचा, जालन्याकडचा, हसरा. त्याला आमच्याच इमारतीत खोली सचिननं बघून दिली. कामाची माहिती देतानाच सचिननं त्याला सगळं सांगितलं होतं, अगदी माझ्या बांगड्यांसकट. किरण ऐकून घेतो, भाऊ भाऊ करतो, आणि म्हणतो, भाऊ, मग टार्गेट कोण करणार? यंदाच्या उन्हाळ्यात त्याचं लग्न झालं. अश्विनी माझ्याच बाजूची निघाली, परभणीची. बोलायला लागली की मला माहेरी गेल्यासारखं वाटतं.

काल खंडेनवमी होती. दुपारी अश्विनी बोलवायला आली, वैनी, पूजा मांडलीय, हळदीकुंकवाला या. खोली छोटी, पण तिनं आरशासारखी ठेवलीय. देव्हाऱ्यापुढं पाट, पाटावर तिची शिलाईची कात्री, किरणचा पाना, एक स्क्रू ड्रायव्हर. झेंडूच्या दोन फुलांच्या मधे ती लोखंडी जीभ होती. किरणनं तिला घासून चकचकीत केलं होतं.

"कंपनीत घरच्याला बोलवत न्हाईत म्हनून हे घरीच घेऊन आले," अश्विनी सांगत होती. "म्हनले, आपलं सगळं हिच्यावरच चालतंय. आज शिफ्टला परत घेऊन जायलेत." आतून पाण्याचा आवाज येत होता, किरण आंघोळ करत होता. तिनं माझ्यापुढं कुंकवाचा करंडा धरला.

मी करंडा घेतला नाही. मी ती डमी उचलली. हातात पहिल्यांदाच घेत होते, वाटलं होतं त्यापेक्षा हलकी होती. अश्विनीला हात पुढं कर म्हणाले. तिनं केला. मेंदी अजून नखांवर होती. मी ती तिच्या तळहातावर ठेवली आणि तिला सगळं सांगितलं, दार, जीभ, ठोकळा, जेवढं बापूंनी मला सांगितलं होतं तेवढं. ती ऐकत गेली आणि तिच्या चेहऱ्यावरचा सण हळूहळू उतरला. मला तिची दया आली. पण मी थांबले नाही.

"ही तुझ्या नवऱ्याची बोटं आहेत," मी म्हणाले. "परत देऊ नको."

पाण्याचा आवाज थांबला. किरण शर्टची बटणं लावत बाहेर आला, मला बघून वैनी वैनी केलं, सचिनभाऊ कुठंयत विचारलं. खाली कंपनीच्या बसचा हॉर्न वाजला. त्यानं पाना पिशवीत टाकला, पाटावर बघितलं, फुलं बाजूला करून बघितलं.

"अगं, माझी डमी कुठाय?"

अश्विनीनं मूठ मिटून हात पदराखाली घेतला. माझ्याकडं बघितलंही नाही.

"इथंच तर होती," ती म्हणाली. "मला न्हाई माहीत."

हॉर्न दुसऱ्यांदा वाजला. तो हसला, राहू दे म्हणाला आणि चपला पायात सरकवून जिना उतरला. अश्विनीनं सुटकेचा श्वास सोडला आणि माझा हात घट्ट धरला. कंपनीत पत्र्याचा तुकडा कुठंही पडलेला असतो, आणि नवी डमी कापायला चहा प्यायला लागतो तेवढाही वेळ लागत नाही, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं.